सव्वीस जानेवारी : प्रजेची की बाजाराची?

प्रजासत्ताकाच्या दिवसाचा आणि मालाच्या विक्रीचा संबंध काय, असा प्रश्न एका पिढीपूर्वी कोणी विचारला असता तर लोकांनी त्यास वेड्यात काढले असते. आज तो प्रश्न विचारणे भाग पडले आहे. प्रतिवर्षी जानेवारीचा दुसरा आठवडा लागला, की अ‍ॅमेझॉनच्या ‘ग्रेट रिपब्लिक डे सेल’ची आणि फ्लिपकार्टच्या तशाच विक्रीची जाहिरात लालबाग-परळच्या चाळीपासून विदर्भातील खेड्यापर्यंत मोबाइलच्या पडद्यावर झळकू लागते. टीव्ही, धुलाईयंत्र, पायांतील बूट, स्वयंपाकघरातील मिक्सर या सर्वांवर एकाच दिवसाचे नाव चिकटविलेले असते, आणि ते नाव भारताचे संविधान ज्या दिवशी अमलात आले त्या दिवसाचे असते. ज्यांचे माणूसपणच त्या संविधानाने कायद्याच्या पुस्तकात प्रथम लिहिले, त्या आपण लोकांनी व्यापाऱ्यांची एक युक्ती म्हणून या गोष्टीकडे काणाडोळा करावा, हे आम्हांस मान्य नाही. म्हणून या अंकी वाचकांपुढे हा विषय ठेवीत आहो.

ही प्रथा परदेशी कंपन्यांनी सुरू केली असे मात्र कोणी समजू नये. २००६ साली २६ जानेवारीस किशोर बियाणी यांच्या बिग बझारने ‘सबसे सस्ता दिन’ साजरा केला. त्या दिवशी दुकानांपुढे इतकी गर्दी लोटली की ती आवरता आवरेना. पुढे एका दिवसाचे तीन झाले, तिनांचे पाच झाले. त्या बिग बझारचे एक दुकान लोअर परळला फिनिक्स मिलच्या आवारात होते. जेथे कामगारांच्या पिढ्यांनी कापड काढले, तेथेच त्यांच्या मुलानातवंडांस ‘सर्वांत स्वस्त दिवस’ म्हणून प्रजासत्ताक दिन दाखविण्यात आला. कालांतराने बियाणी यांचा व्यवसायच कोसळला. त्यांच्या दुकानांसाठी रिलायन्स आणि अ‍ॅमेझॉन यांच्यात कोर्टकचेऱ्या झाल्या आणि २०२२ साली फ्युचर रिटेल दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. दुकान गेले, पण पायंडा राहिला. २०१३ साली अ‍ॅमेझॉनने भारतात दुकान मांडले. २०१८ साली अमेरिकेच्या वॉलमार्टने फ्लिपकार्टचा सुमारे ७७ टक्के हिस्सा विकत घेतला. हे दोन जागतिक व्यापारी आता तो पायंडा आपापल्या रीतीने चालवीत आहेत.

जागतिकीकरण म्हणजे सारे जग एकाच रंगात रंगविणे, अशी अनेकांची समजूत असते. प्रत्यक्ष व्यवहार अधिक चतुर असतो. अमेरिकेत थँक्सगिव्हिंगनंतरचा शुक्रवार, चीनमध्ये ११ नोव्हेंबर, महाराष्ट्रात गणेशोत्सव व दिवाळी आणि साऱ्या भारतात २६ जानेवारी व १५ ऑगस्ट, असा ज्या देशाचा जो मोठा दिवस असेल त्याची वस्त्रे बाजार अंगावर चढवितो. आत विक्रीचे यंत्र मात्र सर्वत्र एकच असते. डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र नवनिर्माण सेनेने अ‍ॅमेझॉनच्या अ‍ॅपवर मराठी असावी म्हणून आंदोलन केले. मराठीचा आग्रह रास्त आहे. परंतु दुकान मराठी बोलू लागले म्हणजे ते मराठी माणसाचे झाले, असे मानणे ही आत्मवंचना होय. कोणत्या अटींवर ते माल विकते आणि कोणत्या अटींवर माणसे राबविते, हा प्रश्न भाषा बदलल्याने सुटत नाही.

दुकानाचे दार कोणी उघडले?

वाचकहो, संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदाचा दुसरा खंड एकवार काढून वाचा. धर्म, वंश, जात, लिंग अथवा जन्मस्थान यांच्या कारणावरून कोणाही नागरिकास दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले आणि सार्वजनिक करमणुकीची ठिकाणे येथे मज्जाव करता येणार नाही, असे तेथे स्पष्ट म्हटले आहे. त्यानंतर विहिरी, तलाव, स्नानघाट व रस्ते यांचा उल्लेख येतो. जगातील किती राष्ट्रांना आपल्या सर्वोच्च कायद्यात ‘दुकान’ हा शब्द घालावा लागला असेल? आपल्या देशास तो घालावा लागला. कारण या देशात महार-मांगाने वाण्याच्या पायरीखाली उभे राहावयाचे, पैसा दुरून टाकावयाचा आणि वाण्याने वरून सोडलेली पुडी पदरात झेलावयाची, हाच शतकानुशतकांचा व्यापार होता.

२९ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत या तरतुदीवर चर्चा झाली, तेव्हा ‘दुकान’ म्हणजे नेमके काय, असा प्रश्न निघाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याचे उत्तर दिले ते लक्षात ठेवण्याजोगे आहे. हा शब्द केवळ आत पाऊल टाकण्याच्या मर्यादित अर्थाने घेतलेला नाही, सेवेच्या अटी ज्यास मान्य आहेत त्याने ती सेवा मागावी अशा व्यापक अर्थाने तो योजिला आहे, असा त्यांचा आशय होता. त्याच दिवशी अस्पृश्यता नष्ट करणारा अनुच्छेदही सभेने संमत केला. आज दुकानास दार नाही, पायरी नाही, गल्ला नाही. ते हातातील यंत्राच्या पडद्यावर उघडते. तरीही बाबासाहेबांनी केलेला अर्थ त्यास तंतोतंत लागू पडतो.

म्हणजे दुकानाचे दार आमच्यासाठी उघडले ते संविधानाने उघडले. १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर जे लोक गेले, ते पाण्याची किंमत मोजून पाणी विकत घेण्यास गेले नव्हते. १९२३ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात सी. के. बोले यांचा ठराव संमत झाला होता, सार्वजनिक पाणवठा सर्वांचा आहे असे त्यात म्हटले होते, आणि तो हक्क बजावण्यास ते गेले होते. पुढे १९३७ साली मुंबई हायकोर्टानेही त्यांच्या बाजूने निकाल दिला. हक्क आणि खरेदी यांतील हा भेद ज्या दिवशी राष्ट्राच्या कायद्यात कायमचा नोंदला गेला, त्याच दिवसाचे नाव घेऊन आज बाजार म्हणतो की स्वातंत्र्य म्हणजे विकत घेण्याची मोकळीक. आमचा आक्षेप येथे आहे.

बाजार जात विचारीत नाही काय?

यावर आमच्यातीलच काही सुशिक्षित बंधू एक युक्तिवाद करतात आणि तो हसून सोडण्याजोगा नाही. ते म्हणतात, गावच्या वाण्याने पुडी वरून टाकली, पण मोबाइलवरील दुकान आडनाव पाहून भाव बदलीत नाही. तेच बूट, तोच कोट, तोच भाव. जागतिक बाजाराने जे शंभर वर्षांत समाजसुधारकांस जमले नाही ते दहा वर्षांत केले. उद्योगधंद्यांत शिरणे हाच यापुढील मुक्तीचा मार्ग, असे मानणाऱ्या दलित उद्योजकांची संघटनाही २००५ साली पुण्यातून उभी राहिली.

या म्हणण्यात सत्याचा अंश आहे हे आम्ही मोकळ्या मनाने मान्य करतो. चांगले वस्त्र अंगावर घालणे, हव्या त्या वस्तूचे नाव घेऊन ती मागविणे आणि घरपोच मानाने स्वीकारणे यांत ज्या समाजास फाटके उतरवलेले कपडे घालण्याची सक्ती होती त्यास केवढा दिलासा आहे, हे इतरांस कळणार नाही. सुटाबुटातील बाबासाहेबांची तसबीर आमच्या घराघरांत उगीच लागलेली नाही. तेव्हा आमच्या तरुणांनी वस्तू घेऊ नयेत, असला कोरडा उपदेश आम्ही करणार नाही.

परंतु हाच दावा एकदा गिरणीबद्दलही करण्यात आला होता. यंत्र जात जाणत नाही, एका छपराखाली सर्व कामगार एक होतील, असे म्हणत. प्रत्यक्षात मुंबईच्या गिरण्यांत चांगल्या पगाराच्या विणकाम खात्याचे दार अस्पृश्य कामगारांस बंद होते, कारण धोट्यातील धागा तोंडाने ओढावा लागे आणि त्याने स्पृश्यांचा धर्म बाटे. १९२८ च्या संपाच्या वेळी हा प्रश्न बाबासाहेबांनी कामगार पुढाऱ्यांपुढे रोखठोक मांडला. यंत्र नवे होते, जगाच्या बाजारपेठेसाठी चालत होते, तरी जातीने त्यात आपली जागा शोधून काढली. तेव्हा विकत घेणाऱ्यास बाजार जात विचारीत नाही एवढ्यावर समाधान मानून चालणार नाही. राबविताना, नफा वाटताना आणि निर्णय घेताना तो कोणास जवळ करतो, हे विचारले पाहिजे. नोकरीतील राखीव जागांचे घटनात्मक कलम राज्याच्या सेवेपुरते आहे, खाजगी कंपनीस ते बांधीत नाही. १९९१ पासून सरकारी क्षेत्र आकुंचन पावून खाजगी क्षेत्र विस्तारले. ज्या प्रमाणात नोकऱ्या या बाजूकडून त्या बाजूकडे सरकल्या, त्या प्रमाणात आमचा हक्क कायद्याच्या कक्षेबाहेर गेला.

परळचा धडा

नवउदारमतवाद हा शब्द आजकाल पुष्कळ ऐकू येतो. त्याचा सरळ अर्थ असा की राज्याने बाजूस व्हावे, बाजाराने निर्णय करावा आणि प्रत्येक माणसाने स्वतःस एक ग्राहक व एक छोटा धंदेवाला समजून आपले पाहावे. हा अर्थ पुस्तकात शोधण्याची गरज नाही. तो दादर ते चिंचपोकळीपर्यंतच्या रस्त्यांवर लिहिलेला आहे.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले आणि त्यांतील बहुतेकांस गिरणीचे तोंड पुन्हा दिसले नाही. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत गिरणीची जमीन विकसित करावयाची झाल्यास एक तृतीयांश महापालिकेस मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश म्हाडास घरांसाठी आणि उरलेली मालकास, अशी तरतूद होती. २००१ साली तिच्यात बदल करून ही वाटणी केवळ रिकाम्या जागेपुरती ठरविण्यात आली. जेथे बांधकाम उभे होते ती जमीन हिशेबातून निसटली. २००६ साली सर्वोच्च न्यायालयानेही ती दुरुस्ती ग्राह्य धरली. घरांसाठी अर्ज केलेल्या गिरणी कामगारांची व त्यांच्या वारसांची संख्या दीड लाखाहून अधिक, आणि घरे मिळाली ती त्यांच्या लहानशा भागास. त्याच भूमीवर जगातील उंची वस्तूंची दालने मात्र उभी राहिली.

२९ सप्टेंबर २०१७ रोजी परळ आणि तेव्हाचे एल्फिन्स्टन रोड ही स्थानके जोडणाऱ्या पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ माणसे मेली, हे वाचक विसरले नसतील. गिरण्यांच्या जागी कचेऱ्या आल्या, रोज लाखो माणसे उतरू लागली, पण पूल जुना व अरुंदच राहिला. ग्राहकास हजार प्रकारचे बूट उपलब्ध होते, नागरिकास पाऊल ठेवण्यापुरती जागा नव्हती. बूट एकेकट्याला विकत घेता येतात. पूल, शाळा, इस्पितळ व पाणी यांसाठी सर्वांनी मिळून राज्याकडे हक्क मागावा लागतो, आणि ती मागणी करणारा नागरिक क्षीण झाला की काय होते ते त्या पुलाने दाखविले.

जाहिरातीचे तंत्र

आता या विक्रीचे तंत्र पाहा. जुन्या काळी दुकानदार पाटी लावीत असे आणि ती सर्वांस सारखीच दिसे. आजचे दुकान प्रत्येकाची पाटी निराळी रंगविते. आपण काय शोधले, कोठे थांबलो, काय टोपलीत टाकून परत काढले, याची नोंद ठेवून त्यावरून पुढील जाहिरात ठरते. पडद्यावर घड्याळ उलटे धावते आणि ‘दोनच नग शिल्लक’ असे बजावले जाते. हे सारे निरुपद्रवी असते तर केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणास ३० नोव्हेंबर २०२३ रोजी मार्गदर्शक तत्त्वे काढून फसवणुकीचे तेरा प्रकार निषिद्ध ठरवावे लागले नसते. खोटी निकड दाखविणे, न मागितलेली वस्तू टोपलीत सरकविणे, नकार देणाऱ्यास शब्दांनी लाजविणे, एकदा घेतलेली वर्गणी सुटू न देणे हे त्यांतील काही होत.

हप्त्यांचेही तसेच. ‘बिनव्याजी हप्ते’ हा शब्द गरीब कुटुंबास फार मोहवितो. शून्य टक्के व्याज अशी वस्तूच अस्तित्वात नाही, असे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांस बजावले होते. आज ‘नो कॉस्ट’ म्हणून जे मिळते त्यात बँक व्याज लावतेच. ते सवलतीच्या रूपाने किमतीतून वळते केलेले असते आणि त्या व्याजावरील जीएसटी ग्राहकाच्या माथी पडतो. सावकाराच्या वहीने ज्यांचे आजे-पणजे गिळले, त्यांनी तरी हप्त्याच्या कागदावरील बारीक अक्षर वाचल्यावाचून अंगठा, म्हणजे आता बोट, लावू नये.

वाहून आणणारे हात

या स्वस्त दिवसाची किंमत कोण देतो? पाठीवर भले मोठे दप्तर घेऊन, लिफ्ट बंद असलेल्या इमारतींचे जिने चढणारा तरुण ती देतो. त्यास कंपनी ‘पार्टनर’ म्हणते. भागीदारास नफ्यात वाटा असतो आणि निर्णयात मत असते. या भागीदारास दोन्ही नाहीत. पेट्रोल त्याचे, गाडी त्याची, अपघात त्याचा. उशीर झाला की कमाई कमी होते, आणि काम बंद करावयाचे झाले तर नोटीस नाही, चौकशी नाही, त्याचे खाते बंद पडते. नीती आयोगाने २०२२ साली दिलेल्या अंदाजाप्रमाणे देशात २०२०-२१ साली अशा कामगारांची संख्या ७७ लाख होती आणि २०२९-३० पर्यंत ती २ कोटी ३५ लाखांवर जाईल.

बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळीत होते, तेव्हा १९४६ साली कारखान्यातील कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आणणारे विधेयक त्यांनी मांडले. ज्यास कामगारच म्हटले जात नाही त्यास ४८ तासांचा कायदा कोठून लागू होणार? सामाजिक सुरक्षा संहितेने २०२० साली या वर्गास प्रथमच नाव दिले आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून ती अमलात आली. राजस्थानने २०२३ साली आणि कर्नाटकाने २०२५ साली स्वतंत्र कायदे केले. ही पावले स्वागतार्ह आहेत. परंतु कल्याणनिधी देणे निराळे आणि कामगाराचे हक्क मान्य करणे निराळे. ज्या मुंबईने देशास कामगार चळवळ शिकविली, तेथील तरुणाने निधीवर समाधान मानू नये.

१९४७ साली शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने संविधान सभेस सादर केलेल्या ‘राज्ये आणि अल्पसंख्याक’ या निवेदनात बाबासाहेबांनी हीच गोष्ट दाखविली होती. राज्याचे नियंत्रण नसणे म्हणजे स्वातंत्र्य, असे जे म्हणतात त्यांस त्यांचा सवाल होता की हे स्वातंत्र्य कोणाचे? जमीनदारास भाडे वाढविण्याचे आणि मालकास कामाचे तास वाढवून मजुरी कमी करण्याचे ते स्वातंत्र्य असते. बेकार माणसापुढे भाकरी धरून हक्क सोडण्याची अट घातली, तर तो हक्क सोडतो. पुढे २५ नोव्हेंबर १९४९ रोजी त्यांनी राष्ट्रास इशारा दिला की २६ जानेवारी १९५० पासून आपण विसंगतीच्या जीवनात प्रवेश करीत आहो : राजकारणात समता, आणि सामाजिक व आर्थिक जीवनात विषमता. त्याच तारखेचे नाव आज विषमतेच्या बाजूने जाहिरातीत राबविले जात आहे.

काय करावे?

निराळ्या प्रकारचे दुकान याच भागात उभे राहिलेले आहे. १९४८ साली नायगावात कामगारांनी सहकारी तत्त्वावर जे ग्राहक भांडार काढले, तेच पुढे ‘अपना बाजार’ या नावाने नावारूपास आले. १९७५ साली मुंबई ग्राहक पंचायत निघाली आणि मध्यमवर्गीय कुटुंबांनी एकत्र येऊन घाऊक खरेदी करण्याची रीत पाडली. ग्राहक एकत्र येऊन मालक होऊ शकतो, हे या दोन्ही संस्थांनी दाखविले. आणि दर ६ डिसेंबरला दादरच्या चैत्यभूमीकडे जाणाऱ्या रस्त्यांवर जो पुस्तकांचा बाजार भरतो, तेथे खिशात परतीच्या प्रवासापुरते पैसे असलेली माणसेही एक तरी पुस्तक घेतल्याशिवाय जात नाहीत. आम्ही बाजाराचे वैरी नाही. कोणाच्या अटींवर चालणारा बाजार, एवढेच आम्ही विचारतो.

तेव्हा वाचकांस आमचे सांगणे थोडके आहे. येत्या २६ जानेवारीस वस्तू घ्यावयाची असेल तर गरज पाहून, कागद वाचून घ्या. फसवणूक झाली तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक क्रमांकावर तक्रार नोंदवा. दारी माल घेऊन येणाऱ्या तरुणास पाणी विचारा आणि त्याच्या संघटनेस पाठिंबा द्या. आपल्या वस्तीस एखादे दुकान सेवा नाकारीत असेल तर कोणत्या नियमाने, हे लेखी विचारा. पंधरावा अनुच्छेद तुमच्या बाजूस उभा आहे. आणि त्या दिवशी सकाळी, मोबाइलवरील पहिला संदेश उघडण्यापूर्वी, घरातील मुलांस जवळ बसवून तो अनुच्छेद मोठ्याने वाचून दाखवा. दुकानाची पायरी आपण कशी चढलो, हे त्यांस आपणच सांगितले पाहिजे. जाहिरात ते सांगणार नाही.